शंभर हिरवे दिवस

सतरा नंबरच्या व्हॉल्व्हवर स्टिकर नव्हतं.

मी वाकून पाहिलं, पाइपाच्या मागच्या बाजूने पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं. तीन महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हाताने ते तिथे चिकटवलं होतं. आता नुसता चिकटाचा चौकोनी डाग उरला होता. अठरा नंबरला गेले, तिथेही डाग. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, सगळीकडे तेच. मग उलटी फिरले आणि पार एक नंबरपर्यंत जाऊन आले. बावीसच्या बावीस जागा रिकाम्या होत्या.

सकाळचे साडेआठ वाजले होते. अकरा वाजता कारखाना निरीक्षक येणार होते, आणि ते खास माझं काम बघायला येणार होते.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. ती आजही फारशी कमी झालेली नाही, हे आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. पण तेव्हा ती जरा जास्तच होती.

जागा होती तासगावच्या बाजूला, माळावरचं एक शीतगृह. मालक कुबेर चौगुले. साडेतीनशे शेतकऱ्यांचा बेदाणा आत खोक्यांतून रचलेला, आणि तो थंड ठेवायला अमोनिया. अमोनियाचं काय असतं, तो पाइपात आहे तोवर गुणाचा. बाहेर आला की डोळे, घसा जाळतो, आणि जास्त आला तर माणूस जातो. म्हणून नियम असा, की दर दोन तासांनी एका माणसाने बावीस ठिकाणी फिरायचं, प्रत्येक सांधा, प्रत्येक व्हॉल्व्ह बघायचा आणि वहीत नोंद करायची. या वह्या मी ढिगाने पाहिल्या होत्या. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत, ओळीने 'ठीक, ठीक, ठीक'. तपासणी आली की आदल्या दिवशी दोघंतिघं बसायचे आणि सहामाही उरकून टाकायचे.

त्यावर उपाय म्हणून आमच्या पुण्यातल्या पाच जणांच्या कंपनीने एक यंत्रणा केली होती. केली होती म्हणजे मीच केली होती. बावीस जागी बावीस स्टिकरं. फिरणाऱ्याच्या हातात मोबाइल. स्टिकरवर मोबाइल धरायचा, पडद्यावर दोन बटणं येतात, 'ठीक' आणि 'ठीक नाही', त्यातलं एक दाबायचं. बाकी सगळं आपोआप. सरकारी नमुन्यातला तक्ता आपला आपण भरतो, सही-तारखेसकट. मालकाच्या केबिनमध्ये भिंतीवर स्क्रीन. सगळं ठीक असेल तर हिरवी. एका जागी जरी ठीक नसेल तरी अख्खी लाल, आणि मालकाच्या आणि माझ्या फोनवर घंटा.

बसवल्यापासून स्क्रीन हिरवी होती. तिसऱ्या दिवशी एकदा लाल झाली तेव्हा मी लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात होते, भावाच्या लग्नाची खरेदी चालली होती. पाच मिनिटांत फोनवर मिटवलं. त्यानंतर एकदाही लाल नाही. त्या शुक्रवारी शंभरावा दिवस होता. चौगुल्यांच्या नात्यागोत्यात अशी आणखी अकरा शीतगृहं होती, आणि निरीक्षकांनी 'ठीक' म्हटलं की अकराच्या अकरा ठिकाणी आमची यंत्रणा लागणार, असा चौगुल्यांनी मला शब्द देऊन ठेवला होता. नाही लागली, तर आमच्या पाच जणांना जूनपासून दुसरं काहीतरी शोधावं लागणार होतं.

आणि इथे स्टिकरंच नव्हती.

मी तडक कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले. तिथे आण्णाप्पा मगदूम बसले होते. यंत्रावरचा सगळ्यात जुना माणूस, सव्वीस वर्षं याच खोलीत. पन्नाशी उलटलेली, डोक्याला टॉवेल, अंगावर खाकी शर्ट, खिशात काड्यापेटी. दिवसपाळीच्या फेऱ्या त्यांच्याकडे आणि रात्रपाळी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाकडे. सगळे त्यांना आण्णा म्हणत, मीही आण्णाच म्हणायचे.

"आण्णा, स्टिकरं कुठायत?"

"हायती की," ते शांतपणे म्हणाले आणि उठून कपाटामागून एक फळी काढली.

प्लायवुडची फळी. तिच्यावर ओळीने बावीस स्टिकरं लावलेली, खाली खडूने नंबर घातलेले, आणि वरून जाड प्लास्टिकचा कागद ताणून चारी बाजूंनी खिळे मारलेले. घरोघरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात ना, अगदी तसं. एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

"हे काय आहे?"

"तिथं वलीनं खराब व्हायला लागली हुती, ताई. पाइपावर दव धरतंय, बर्फ धरतोय. चौथ्या दिवशी आठ नंबरचं सुटून खाली पडलं. म्हनलं, कंपनीची वस्तू, पुन्यास्नं आणलीया, फाटली बिटली तर तुमी काय म्हनशिला? म्हनून समदी काडून नीट ठिवली."

"आणि रोज मोबाइल कुठे धरता?"

"हितंच. बसल्या जागी वळीनं धरायचा. लई सोपं पडतंय. तुमी चांगलं केलंया बगा."

मला रडावं की यांच्यावर ओरडावं तेच कळेना. मी तिथल्याच स्टुलावर बसले आणि मोबाइलमधून मागच्या नोंदी काढल्या. दर दोन तासांनी बावीस नोंदी, पहिलीपासून बाविसावीपर्यंत बरोबर पन्नास सेकंद. पहिले चार दिवस सोडले तर रोज तेच. या नोंदी माझ्याकडे रोज येत होत्या. पन्नास सेकंदांत अख्खं शीतगृह कोण फिरून येतं, हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता, कारण स्क्रीन हिरवी होती. पूर्वी लोक सहा महिन्यांचं एका दिवसात भरायचे. मी त्यांना तेच दर दोन तासांनी भरायची सोय करून दिली होती.

"म्हणजे शंभर दिवस कुणी फिरलंच नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आण्णा, तुम्ही माझं वाटोळं केलंत. इथे काय झालं असतं म्हणजे?"

त्यांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते कौतुकाची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

"फिरलं न्हाई म्हंजे?" ते म्हणाले. "न फिरता आमी मोबाइल धरतोय व्हय? चला."

त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली. कपाटातल्या डब्यातून गंधक लावलेली एक काडी घेतली, बोटभर लांब. अमोनिया सुटत असेल तिथे ही पेटती काडी नेली की पांढराशुभ्र धूर उठतो. जुनी रीत. आता लिटमसचे कागद मिळतात, पण आण्णांचा हात काडीवरच बसलेला.

ते पुढे आणि मी मागे. एक नंबरच्या पाइपाखाली तारेने एक लहान डबा लटकवलेला होता, खाऱ्या बिस्किटांचा असतो तसला. आत जळक्या काड्यांचा खच होता. दोन नंबरला दुसरा डबा, तीनला तिसरा. थोड्याच वेळापूर्वी मी याच वाटेने बावीस जागा फिरले होते आणि मला एकही डबा दिसला नव्हता, कारण मी स्टिकर शोधत होते. प्रत्येक ठिकाणी आण्णा थांबायचे, पाइपाला हात लावायचे, कान द्यायचे, काडी फिरवायचे. घाई अजिबात नाही. चौदा नंबरपाशी म्हणाले, "ह्यो जरा गरम लागतोय, पन त्याचा सोभावच हाय."

सतरा नंबर बाहेर, मागच्या भिंतीला लागून होता. आण्णांनी काडी व्हॉल्व्हच्या सांध्याखाली नेली आणि पांढरा धूर उठला. बारीक, पण पांढरा. वारा सुटला होता म्हणून वास येत नव्हता, आणि यंत्रणेसोबत मी बसवलेले वास ओळखणारे सेन्सर आतल्या खोलीत होते.

"सोमवारपासनं सुटतोय," ते म्हणाले. "गॅस्केट गेलंय, सांद्यातली चकती. बदलायला चार तास मशिन बंद ठिवाय पायजे. मालकास्नी सांगितलंया. ते म्हनले, तपासनी होऊ दे, मग बगू."

शेजारच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं. 'सतरा. बारीक सुटतोय. मालकास्नी सांगितलं. सोमवार.'

"हे काय?"

"माजी वही. काय बिगाडलं की लिवायचं. बरं झालं की पुसायचं. भिंत कोरी आसली की मला घरी झोप लागती."

"मग मोबाइलवर 'ठीक नाही' का दाबलं नाहीत?"

आण्णांनी काडी विझवून डब्यात टाकली. "तवा शंभर भरायचे हुते न्हवं," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

बावीस नंबर झाल्यावर मी हातातल्या घड्याळात पाहिलं. आम्हाला चौतीस मिनिटं लागली होती.

नऊ वाजून गेल्यावर चौगुले आले. गडी उंच, आवाज मोठा, पण तसा मनाने वाईट माणूस नव्हता. शेतकऱ्यांचा बेदाणा स्वतःच्या मुलांसारखा सांभाळायचा. मी त्यांना फळी दाखवली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"या मगदूमला उद्या घरी घालवतो मी," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली, अजून अक्कल आली नाही."

"ते फिरत होते, चौगुलेसाहेब. रोज फिरत होते. आणि सतरा नंबर खरंच गळतोय."

"मला माहीत आहे. रविवारी करून घेऊ. आज अकरा वाजता साहेब दारात आणि माझं मशिन बंद, कसं दिसेल ते? खांबेटे मॅडम, तुम्ही शहाण्या आहात. दीड तास आहे हातात. स्टिकरं परत लावा. साहेब येतील, स्क्रीन बघतील, चहा घेतील, जातील. अकरा जागा आहेत तुमच्या पुढे, विसरू नका."

आता मी खोटं कशाला बोलू? मी 'हो' म्हटलं. आढेवेढे न घेता म्हटलं. मनाशी हिशेब केला की रविवार दोन दिवसांवर आहे, गळती बारीक आहे, बाहेरच्या बाजूला आहे, आणि सोमवारी मी यंत्रणेत सुधारणा करीनच. पाच जणांची कंपनी डोळ्यांपुढे होती. फळीचे खिळे उपसले, प्लास्टिक काढलं आणि आण्णा आणि मी स्टिकरं लावत सुटलो. आण्णा फडक्याने पाइप कोरडा करायचे, मी चिकटवायचे, ते तळहाताने दाबून धरायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी.

सतरा नंबरपाशी मी भिंतीकडे बोट दाखवलं. "आण्णा, हे तेवढं पुसून टाका."

"बरं झाल्याबिगर न्हाई पुसायचं, ताई," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, पण त्यात वाद घालायला जागा नव्हती. मलाही वाद घालायला वेळ नव्हता.

निरीक्षक सरमळकर बरोबर अकराला आले. निवृत्तीला आलेले, सडपातळ, मालवणकडचे. हातात कापडी पिशवी, तिच्यात वही. केबिनमध्ये मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मला बोलता छान येतं, त्या दिवशी तर जास्तच छान बोलले. स्क्रीन हिरवी होती आणि कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत '१००' लिहिलेलं होतं. तेही माझ्याच हौसेचं काम. साहेबांनी ऐकून घेतलं, मधे एकदा मान हलवली आणि चहाचा कप बाजूला सारून उठले.

"चला, फिरून येऊ," ते म्हणाले.

"साहेब, ऊन फार आहे," चौगुले म्हणाले.

"एप्रिल आहे, असणारच."

चौघं निघालो. साहेब, मी, चौगुले आणि मागे आण्णा. प्रत्येक जागी मी मोबाइल धरत होते, 'ठीक' दाबत होते. साहेब मोबाइलकडे बघतच नव्हते. ते पाइपाखालचे डबे बघत होते. सहा नंबरपाशी एक डबा हातात घेऊन हलवून पाहिला आणि परत अडकवला.

सतरा नंबरपाशी मी मोबाइल धरला. दोन बटणं आली. माझा अंगठा 'ठीक'वर गेला आणि मी ते दाबलं. हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही, पण दाबताना अंगठा थरथरला वगैरे काही झालं नाही. एका जागेसारखी दुसरी जागा.

साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. खिशातून चष्मा काढून घातला आणि वाचलं. सावकाश, एकेक शब्द.

"हे कुणी लिहिलंय?"

"म्या लिवलंय, साहेब," आण्णा म्हणाले.

"काडी आहे?"

आण्णांनी काडी पेटवून सांध्याखाली धरली. पांढरा धूर वर आला आणि वाऱ्यावर मोडला.

"मॅडमनी आत्ता इथे 'ठीक' दाबलं," साहेब म्हणाले. "सोमवारपासून मंगळ, बुध, गुरू, सगळे दिवस 'ठीक' आहे. दाबणारे कोण?"

"मीच, साहेब. रातपाळीलाबी मीच सांगितलं हुतं, ठीक दाब म्हनून."

"गळती दिसतेय, भिंतीवर लिहिता आणि मोबाइलवर ठीक म्हणता? का?"

आण्णा वाकून काडी डब्यात टाकायला लागले.

चौगुले पुढे झाले. "साहेब, माणूस जुना आहे. मोबाइलमधलं त्याला काही कळत नाही. चुकून दाबलं असणार. मी त्याला आजच कामावरून..."

"मी त्यांना विचारतोय." साहेबांनी पिशवीतून वही काढली, पेन उघडलं. "नाव?"

"आण्णाप्पा बाळगोंडा मगदूम."

"मगदूम, ही सरकारी नोंद आहे. खोटी नोंद तुमच्या नावावर जाते. तुमचा यंत्र चालवायचा दाखला रद्द होऊ शकतो. सव्वीस वर्षांची नोकरी आहे ना? मग नीट आठवून सांगा. ठीक दाबायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आण्णांनी वर पाहिलं. साहेबांकडे नाही, मालकाकडे नाही. अर्धा क्षण माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"कोनीबी न्हाई, साहेब," ते म्हणाले. "माजीच चूक."

आणि मला लक्ष्मी रोडवरचं साड्यांचं दुकान आठवलं.

फोन खांद्याला लावून मी गादीवर बसले होते, मांडीवर दोन पैठण्या. स्क्रीन लाल झाल्याचा निरोप आला म्हणून मीच फोन लावला होता.

"आण्णा, लाल दिसतंय."

"हाय की," ते म्हणाले होते. "लाल हाय म्हनून तर दाबलं. नऊ नंबरला त्याल गळतंय."

"किती?"

"थेंब थेंब."

"अहो मग थेंबासाठी अख्खी स्क्रीन लाल कशाला करायची? तुमचं तुम्ही दुरुस्त करा आणि ठीक दाबा. शंभर दिवस हिरवी दिसली पाहिजे, आण्णा. एवढं माझ्यासाठी करा."

"बरं, ताई," ते म्हणाले होते, आणि मी दुकानदाराला म्हटलं होतं की दुसरा काठ दाखवा.

एवढंच झालं होतं. मी विसरून गेले होते. त्यांनी सत्त्याण्णव दिवस शब्द पाळला होता. मोबाइलवर माझ्यासाठी आणि भिंतीवर स्वतःच्या झोपेसाठी.

साहेबांचं पेन कागदाला टेकलं होतं. 'मगदूम' लिहून झालं होतं.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं त्यांना."

चौगुल्यांनी माझा दंडच धरला. मी सोडवून घेतला.

"तिसऱ्या दिवशी त्यांनी खरं बटण दाबलं होतं. मी फोन करून सांगितलं, लाल करू नका, शंभर दिवस हिरवी पाहिजे. स्टिकरंही काल इथे नव्हती. सकाळी आम्ही परत लावलीत. आत्ता इथे 'ठीक' मीच दाबलं आणि गळती मला सकाळपासून माहीत होती. त्यांच्या नावावर काही लिहू नका. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

बोलून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. भीतीही वाटली. पण पहिल्यांदा हलकं वाटलं.

साहेबांनी पेन उचललं. "हे मी जसंच्या तसं लिहून घेतो. खाली सही कराल?"

"करते."

त्यांनी 'मगदूम'वर आडवी रेघ ओढली आणि माझं नाव विचारलं. 'मंजिरी खांबेटे' असं सांगून मी सही केली. मग ते आण्णांकडे वळले. "गॅस्केट आहे का शिल्लक?"

"मंगळवारीच आनून ठिवलंया, साहेब."

"मग मशिन बंद करा. मी इथेच बसतो."

चौगुल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चार तासानं बेदान्याला काय व्हत न्हाई, मालक," आण्णा जाता जाता म्हणाले, आणि टॉवेल कमरेला बांधला.

चार वाजता काम झालं. आण्णांनी नवी काडी पेटवून साहेबांसमोर सांध्याभोवती दोनदा फिरवली. धूर नव्हता. मग फडकं ओलं करून भिंतीवरचं अक्षर पुसलं, अगदी कोपऱ्यापर्यंत. साहेबांनी शीतगृह चालू ठेवायची परवानगी दिली, पण अटी घालून. पहिली अट अशी होती, की मोबाइलवरची यंत्रणा राहो किंवा जावो, भिंतीवरची नोंद चालू राहिली पाहिजे.

साहेब गेल्यावर चौगुले मला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "तुमचं सामान काढा आणि निघा. आणि त्या अकरा जागांचं नाव परत काढू नका."

मी स्क्रीन उतरवली, वायरी गुंडाळल्या. गाडीत सामान ठेवत होते तेव्हा आण्णा आले. त्यांच्या हातात तीच फळी होती. बावीस स्टिकरं पुन्हा काढून, पुसून, ओळीने लावलेली. प्लास्टिक मारलेलं.

"एकबी फाटलं न्हाई," ते म्हणाले. "मोजून घ्या."

"आण्णा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमी म्हनला हुता, माज्यासाठी करा." त्यांनी खांदे उडवले. "आन तुमी तर कुठं गप बसला?"

मला रडू आलं. गाडीचा दरवाजा धरून मी रडले आणि आण्णा बाजूला बघत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "ताई, यंत्र तुमचं वाईट न्हाई. फकस्त त्याला वाईट ऐकायची सवय न्हाई."

पुण्याला गेल्यावर मी सहकाऱ्यांना सगळं सांगितलं. दोघं सोडून गेले. उरलेल्या तिघांत आम्ही यंत्रणा पुन्हा बांधायला घेतली. पत्र्यावर कोरलेले नंबर, दवाला न जुमानणारे. दोन जागांमध्ये पुरेसा वेळ गेला नाही तर नोंदच होत नाही. दोनाऐवजी तीन बटणं, तिसरं 'बघतोय'. एक बिघाड दिसला म्हणून अख्खी स्क्रीन लाल होत नाही, तेवढी जागाच लाल होते आणि तिच्याशेजारी शोधणाऱ्याचं नाव येतं. ते दुरुस्त होईपर्यंत कुणालाही, अगदी मालकालाही, पुसता येत नाही. आणि कोपऱ्यातला दिवसांचा आकडा मी स्वतः काढून टाकला.

जुलैत चौगुल्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा, पण जरा आडून बोलत होते. "आण्णा म्हणतोय, भिंत भरत चालली, जागा पुरंना. ताईंना बोलवा म्हणतोय. या बघू. आणि तो म्हणेल तसं बसवा."

गेले. बसवायच्या आधी आण्णांबरोबर तीन वेळा फिरले, प्रत्येक वेळी चौतीस मिनिटं. कुठे पत्रा लावायचा ते त्यांनी खडूने खूण करून दाखवलं आणि मी तिथेच लावला. आज ती यंत्रणा एकशे साठ कारखान्यांत आहे, त्यात ती अकरा शीतगृहंही आली. मी तिच्याबद्दल कुठेही उभी राहून छातीठोकपणे बोलू शकते, आणि बोलते.

नवी यंत्रणा लागून तिसरा दिवस होता. मी पुण्यात जेवायला बसले होते. फोनवर घंटा वाजली. पाहिलं तर तीन जागा लाल, तिन्हींशेजारी एकच नाव. मी हात धुऊन फोन लावला.

"आण्णा, लाल दिसतंय."

"हाय की," ते म्हणाले. "लाल हाय म्हनून तर दाबलं."

आता ते मी काय म्हणते त्याची वाट बघत होते.

"बरं केलंत, आण्णा," मी म्हटलं. "सांगा, काय काय आहे?"